प्रार्थनेतून शेजारधर्माकडे

लालबाग म्हटले की मराठी माणसाला मुंबई आठवते. गिरण्यांचे भोंगे, चाळी आणि गणेशोत्सवाची गर्दी आठवते. परंतु आणखी एक लालबाग आहे, आणि तेथेही मराठी कानांवर पडते. तापीकाठच्या बुऱ्हाणपूर शहराबाहेर, रेल्वे स्टेशनच्या आसपास ही वस्ती पसरली आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ताप्ती मिल उभी राहिली. मोगलांच्या काळी येथे बाग होती, आणि त्या बागेला पाणी देणारी योजना आजही पाहावयास मिळते. तिला कुंडी भंडारा म्हणतात.

इ. स. १६१५ च्या सुमारास, जहांगीर बादशहाच्या कारकिर्दीत, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या आश्रयाखाली तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने एक गोष्ट हेरली. सातपुड्याच्या उतारावर पडलेले पावसाचे पाणी जमिनीत मुरून तापीकडे झिरपत जाते. त्या वाटेवर त्याने ओळीने विहिरी खणविल्या आणि त्या तळाशी एका बोगद्याने एकमेकींस जोडल्या. अशा शंभरावर विहिरी म्हणजेच या कुंड्या होत. येथे मोट नाही, रहाट नाही. केवळ उताराच्या बळावर पाणी एका कुंडीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असे अंधारातून वाहत येते आणि दूरवर वस्तीत प्रकट होते. जेथे पाऊस पडला तेथे ते राहत नाही; ज्याला तहान लागली त्याच्या दारी जाते.

श्रोतेहो, आज ज्या विषयावर चार शब्द बोलावयाचे आहेत तो विषय या पाण्याच्या वाटेसारखाच आहे. एखादी लहानशी ख्रिस्ती मंडळी, पंधरावीस घरांची, आठवड्यातून एक संध्याकाळ एकत्र जमते आणि आपल्या वस्तीसाठी, शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी प्रार्थना करते. या प्रार्थनेने बाहेर काय घडते? चार भिंतींच्या आत उच्चारलेले शब्द रस्त्यापलीकडच्या घरापर्यंत पोहोचतात ते कोणत्या वाटेने? श्रद्धावंत आणि अश्रद्ध या दोघांनीही विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर बरेचसे इतिहासातून देता येते.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. मराठी ख्रिस्ती माणूस ‘मंडळी’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात इमारत नसते. चर्च हा शब्द आपण देवळासाठी वापरतो. परंतु मंडळी म्हणजे एकत्र आलेली माणसे. छप्पर नसले तरी मंडळी असू शकते; माणसेच नसतील तर कितीही उंच मनोऱ्याची इमारत असली तरी मंडळी असू शकत नाही. म्हणूनच लहान गावातून ही प्रार्थनासभा पुष्कळदा घरोघरी पाळीने भरते. या आठवड्यात एकाच्या ओसरीवर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या माजघरात. सतरंजी अंथरली जाते; पेटी आणि तबला असला तर ठीक, नाहीतर टाळ्यांवर एखादे गीत होते. ते गीत बहुधा रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या किंवा त्यांच्या परंपरेतील कवीच्या लेखणीतून उतरलेले असते. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. पण अभंगाचा छंद, भजनाची चाल आणि कीर्तनाची गोडी त्यांनी मागे टाकली नाही. त्यांच्याही आधी अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा प्रघात पाडला होता. त्यामुळे परका मनुष्य ओसरीवर येऊन बसला तर त्याला आवाज ओळखीचा वाटतो.

गीतानंतर शास्त्रातील एक उतारा वाचला जातो, आणि मग सभेचे खरे कार्य सुरू होते. जो चालक असतो तो विचारतो, कोणासाठी प्रार्थना करावयाची आहे? कोणी सांगतो, पलीकडच्या आळीतला यंत्रमागावरचा कामगार महिनाभर खोकत आहे. कोणी सांगते, शेजारच्या मुलीचे नाव शाळेतून काढले. एखादी म्हातारी सांगते, आमच्या समोरचे बिऱ्हाड रात्री भांडते, बाई रडते, त्यांचेही नाव घ्या. मग एकामागून एक, साध्या शब्दांत, माणसे ही नावे देवापुढे ठेवतात. एकाने बोलावे आणि शेवटी सर्वांनी ‘आमेन’ म्हणावे. आमेन म्हणजे ‘तसेच होवो’, आपला ‘तथास्तु’. परंतु तथास्तु वर देणारा म्हणतो आणि आमेन मागणारा म्हणतो. दुसऱ्याच्या मागणीखाली आपली सही करण्यासारखेच ते आहे. ज्याने आमेन म्हटले त्याने त्या मागणीची जबाबदारी पत्करली.

दुसऱ्यासाठी केलेल्या या विनवणीला ख्रिस्ती परिभाषेत मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात. तिचे सामर्थ्य कशात आहे हे समजून घेण्यासाठी एकांतातील प्रार्थनेशी तिची तुलना करून पाहावी. एकांतात मनुष्य बहुधा आपलेच गाऱ्हाणे सांगतो. चारचौघांत बसले की स्वतःचेच सांगत राहण्याची लाज वाटू लागते. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली तिच्यात देवाला ‘माझा’ पिता म्हटलेले नाही, ‘आमचा’ म्हटले आहे. आणि भाकरीही एकट्यासाठी मागितलेली नाही. तेव्हा सामुदायिक प्रार्थनेचा पहिला परिणाम प्रार्थना करणाऱ्यांवरच होतो. ज्याचे नाव आपण सर्वांदेखत देवापुढे घेतले, तो दुसऱ्या दिवशी बाजारात भेटला तर त्याला चुकवून पुढे जाणे कठीण होते. दुसरा परिणाम असा की वस्तीची दुःखे एकत्र येतात. एकाला खोकणारा कामगार माहीत असतो, दुसऱ्याला सरकारी दवाखान्यातला क्षयाचा विभाग माहीत असतो, तिसऱ्याजवळ सायकल असते. तिघे एका सतरंजीवर बसले नसते तर ही तीन टोके जुळलीच नसती. आणि तिसरा परिणाम म्हणजे पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच नाव निघते आणि कोणीतरी विचारते, त्याचे काय झाले? या एका प्रश्नात सेवेचे अर्धे शास्त्र आहे.

ही रीत आजकालची नाही. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात एक प्रसंग आहे. यरुशलेमेतील पहिल्या मंडळीत रोज अन्नवाटप होत असे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे त्या वाटपात दुर्लक्ष होते अशी कुरकुर सुरू झाली. भाषेवरून पंक्तिप्रपंच झाला, असे आपण म्हणू. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही. त्यांनी मंडळीला सात विश्वासू माणसे निवडावयास सांगितली, त्यांच्यासाठी प्रार्थना केली आणि त्यांच्या मस्तकावर हात ठेवून वाटपाचे काम त्यांच्याकडे सोपविले. पुढे दुसऱ्या शतकाच्या मध्याला रोम शहरात जस्टिन नावाच्या तत्त्वज्ञाने आपल्या लोकांच्या रविवारच्या उपासनेचे वर्णन लिहून ठेवले. वाचन होते, उपदेश होतो, सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात; आणि मग ज्याची जशी ऐपत व इच्छा असेल तशी वर्गणी जमा होते. ती अनाथांना, विधवांना, आजाऱ्यांना, तुरुंगात असलेल्यांना आणि परगावच्या वाटसरूंना दिली जाते. प्रार्थना आणि पेटी ही दोन्ही एकाच उपासनेची अंगे होती.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. पण त्यासाठी जरा दूरचा वळसा घ्यावा लागेल. १८०६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसाच्युसेट्स संस्थानात, विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी माळावर जमले होते. वादळ आले, विजा कडाडू लागल्या. मुले गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि तेथेच त्यांनी आशिया खंडातील लोकांसाठी प्रार्थना केली. पाच मुले आणि गवताची एक गंजी, एवढीच ती सभा. तिच्यातून निघालेल्या हालचालीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही संस्था स्थापन झाली, आणि १८१३ च्या फेब्रुवारीत तिचे दोन मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, मुंबईच्या किनाऱ्याला उतरले. हाच अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ होय. कंपनी सरकार त्यांना ठेवून घेण्यास राजी नव्हते. मोठ्या प्रयासाने त्यांना राहू देण्यात आले. हॉलने मराठी शिकून घेतले, शाळा काढल्या, आणि १८२६ च्या मार्चमध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीच्या रोग्यांना औषध देता देता स्वतः त्याच रोगाने देह ठेवला.

त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार या बाई १८२७ मध्ये मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरला जाऊन त्यांनी मुलींच्या शाळा चालविल्या. ज्या काळी मुलीच्या हाती पाटी देणे हे पाप समजले जाई तो हा काळ. फॅरारबाईंच्या शाळा पाहावयास एक दिवस पुण्याहून एक तरुण आला. त्याने त्या पाहिल्या, मनाशी काही ठरविले, आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्या तरुणाचे नाव जोतीराव गोविंदराव फुले. नगरच्या त्या शाळा पाहून आपल्याला प्रेरणा झाली, हे जोतीरावांनीच सांगून ठेवले आहे.

जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी पुढे स्वतःचा सत्यशोधक मार्ग काढला. गवताच्या गंजीखाली बसलेल्या पाच मुलांना पुणे ठाऊक नव्हते आणि फुले हे नाव त्यांच्या स्वप्नातही नव्हते. परंतु त्या ओसरीवजा सभेतून निघालेले पाणी चाळीस वर्षांनी पुण्याच्या भिडे वाड्यात उगवले, आणि तेथून सावित्रीबाईंच्या हातून किती घरांत पोहोचले ते महाराष्ट्र जाणतो. मला वाटते, कोणत्याही लहान मंडळीने ही गोष्ट मनाशी धरून ठेवावी. प्रार्थनेचे फळ आपल्याच झाडाला लागेल असा हट्ट धरता येत नाही. ते शेजाऱ्याच्या बागेतही पिकते. आणि पिकले म्हणजे आनंद मानावा.

दुसरे उदाहरण याहून जवळचे आहे. पंडिता रमाबाई हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईस शारदा सदन काढले, आणि पुढल्या वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. तरुण वयात दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण अन्नावाचून गेली होती. भूक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकावयाचे नव्हते. तिकडून त्यांनी आणविलेल्या मुलींची व तरुण विधवांची संख्या तीनशेच्या घरात गेली. नर्मदेच्या खोऱ्यातून महाराष्ट्राकडे येणारा लोहमार्ग खांडवा, बुऱ्हाणपूर, भुसावळ असा उतरतो. म्हणजे ज्या लालबागेचा आरंभी उल्लेख केला तिच्या स्टेशनावरून जाणाऱ्या वाटेनेच दुष्काळातली माणसे आसऱ्याच्या शोधात दक्षिणेकडे येत होती. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या मुली शहरात ठेवता येईनात. म्हणून केडगावच्या माळावरच्या शेतात झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्ती सदनाचा जन्म असा झाला. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास गेली.

आता आपल्या विषयाचा भाग येतो. इतके मोठे घर चालवताना एक धोका असतो. जेवण, कपडे, दळण, शिक्षण, आजार यांतच सारी शक्ती खर्च होते आणि घर आपल्यापुरते होऊन बसते. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी एक लहान प्रार्थनामंडळ सुरू केले. ऑस्ट्रेलियात व वेल्समध्ये अशा मंडळांतून झालेल्या जागृतीच्या वार्ता त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. आरंभी सुमारे सत्तर जणी रोज पहाटे जमत. जूनपर्यंत ही संख्या साडेपाचशेवर गेली आणि सभा दिवसातून दोनदा भरू लागली. मग रमाबाईंनी विचारले, आपला रोजचा अभ्यास सोडून आसपासच्या खेड्यांत जाण्यास कोण तयार आहे? तीस तरुणी पुढे आल्या. पुढे अशा तुकड्या पाळीने गावोगाव जाऊ लागल्या.

त्या वर्षीच्या जूनअखेर मुक्तीत जे घडले त्याची वार्ता जगभर गेली. मुली रडत, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करीत, तासन् तास उठत नसत. यावर पुष्कळांनी टीका केली. एवढा गलबला कशाला, असे इतर ख्रिस्ती लोकांनीही विचारले. प्रार्थना आवाजावर मोजावयाची नसते, हे खरेच आहे. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते आवाजाच्या आधीचे आणि नंतरचे. आधी सहा महिन्यांची रोजची पहाट होती. नंतर कामाचे वर्षानुवर्षांचे रहाटगाडगे होते. त्याच मुक्तीत छापखाना चालला, हातमाग चालले, शेती पिकली, तेलाचे घाणे फिरले. अंध स्त्रियांसाठी शाळा होती, आणि रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपी शिकविण्याची व्यवस्था केली. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. ज्या मुली एके काळी दुष्काळाच्या छावणीतून हाडांचे सापळे होऊन आल्या होत्या, त्याच आता दुसऱ्यांचे हात धरू लागल्या. ज्यांच्यासाठी कोणीतरी प्रार्थना केली होती, त्याच आता दुसऱ्यांसाठी प्रार्थना करणाऱ्या झाल्या. रमाबाई १९२२ च्या एप्रिलमध्ये निवर्तल्या. मुक्ती अजून चालू आहे.

श्रोत्यांपैकी कोणी म्हणेल की, एकत्र बसून प्रार्थना करणे आणि तिच्यातून समाजकार्य उभे राहणे हे काही ख्रिस्ती लोकांचेच वैशिष्ट्य नव्हे. अगदी खरे आहे. १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. आठवड्याच्या उपासनेस जमणाऱ्या त्या थोड्या माणसांनी कामकऱ्यांसाठी रात्रीच्या शाळा काढल्या, आणि त्याच परंपरेतून पंढरपुरास अनाथ बालकांसाठी आश्रम उभा राहिला. समाजाचे प्रचारक विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यतेविरुद्ध डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केले. रमाबाईंनाही पुण्यात प्रथम आपले म्हणणारी माणसे याच समाजाची होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना तर विदर्भातल्या आणि त्याला लागून असलेल्या मुलखातल्या माणसाला नव्याने सांगावयास नको. मोझरीच्या गुरुकुंजातून निघालेल्या त्या प्रार्थनेबरोबर ग्रामसफाईचा खराटाही गावागावांत गेला. मार्ग निराळे असले तरी या सर्वांनी एकच गोष्ट ओळखली होती. माणसे देवापुढे एकत्र बसली तर एकमेकांकडे पाहण्याची त्यांची दृष्टी पालटते, आणि ती पालटली की हात आपोआप कामाला लागतात.

येथे एका अवघड गोष्टीकडे वळणे भाग आहे. ख्रिस्ती मंडळी ‘वस्तीत सेवा करू’ म्हणते तेव्हा शेजाऱ्याच्या मनात एक शंका उठते. औषध देतील, वह्या देतील, आणि मग धर्म बदला म्हणतील. ही शंका आजची नाही. मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि शाळा व दवाखाने यांचा उपयोग धर्मांतरासाठी होतो, असा आक्षेप तिने घेतला. अनेक ख्रिस्ती लोकांनी हा अहवाल एकांगी आहे असे म्हटले. १९६८ मध्ये त्या राज्यात धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला. बळजबरी, आमिष किंवा फसवणूक यांनी केलेले धर्मांतर त्याने गुन्हा ठरविले. तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये वैध ठरविला, आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा आला. या साऱ्या वादात कोणाची बाजू किती खरी हा आजचा विषय नाही. परंतु एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य व्हावी. जी सेवा मोबदला मागते ती सेवा नव्हे, सौदा आहे. ख्रिस्ताने ज्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, त्याने रस्त्यात पडलेल्या जखमी माणसाची जखम बांधली, त्याला धर्मशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि आपल्या वाटेने निघून गेला. त्या जखमीचा धर्म कोणता हे त्याने विचारले नाही, आणि आपला धर्म घे असेही म्हटले नाही.

म्हणून प्रार्थनासभेचे आणखी एक काम आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे. ती सेवा करणाऱ्याचा हेतू धुऊन काढते. मनुष्य उठतो आणि कामाला लागतो तेव्हा त्याच्या मनात नाना गोष्टी असतात. नाव व्हावे, आपली संख्या वाढावी, कोणीतरी आपल्या उपकाराखाली राहावे. एकटा असताना त्याला हे दिसत नाही. चार प्रामाणिक माणसांबरोबर देवापुढे बसला, आणि मौनात थोडा वेळ गेला, की आपल्या हेतूतला गाळ तळाशी बसलेला त्याचा त्यालाच दिसू लागतो. ज्या मंडळीने ही शांतता सोडली आणि नुसत्या उत्साहाने रस्त्यावर धावली, तिच्या हातून मदतही कधी कधी अपमानासारखी दिली जाते.

टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. तेथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही बसावयास जागा होती. दोन वर्षांतच टिळक वारले आणि तो प्रयोग पुढे फार चालला नाही. पण प्रार्थनेची सतरंजी पाहुण्यासाठी थोडी लांब अंथरावी, हा त्यांचा विचार मात्र जुना झालेला नाही.

आता पुन्हा लालबागेकडे येऊ. अशा वस्तीत यंत्रमागावर काम करणारी कुटुंबे असतात, रेल्वेतली माणसे असतात, केळीच्या बागांतून रोजाने जाणारी माणसे असतात. मराठी, हिंदी, निमाडी, उर्दू या सगळ्या भाषा एका गल्लीत ऐकू येतात. येथे पंधरावीस घरांची एखादी मंडळी आहे, असे समजा. तिच्याजवळ पैसा नाही, मोठी इमारत नाही, परदेशची मदत नाही. ती काय करू शकेल? ती एक वही ठेवू शकेल. त्या वहीत दर आठवड्याला पाच नावे लिहावीत. आपल्या लोकांची दोन आणि शेजाऱ्यांची तीन. नाव लिहिण्यापूर्वी त्या घरी जाऊन येण्याचा नियम ठेवावा. न पाहिलेल्या माणसासाठी केलेली प्रार्थना लवकर सामान्य होते. शेजाऱ्याची अडचण सभेत सांगताना त्याची अब्रू राखावी; जी गोष्ट त्याने विश्वासाने सांगितली ती विनंतीच्या नावाखाली गावभर करू नये. प्रार्थना संपली की उठण्यापूर्वी एवढे ठरावे की यातील कोणाकडे कोण जाणार आणि कोणत्या दिवशी. आजाऱ्याला डॉक्टरकडे, मुलाला शिक्षकाकडे आणि कज्जा करणाऱ्याला समजूतदार वडीलधाऱ्याकडे न्यावे. प्रार्थना आहे म्हणून औषध नको, असे कोणी म्हणू लागला तर त्याला मिरजेच्या डॉक्टर वॉनलेस यांची आठवण द्यावी. त्या थोर शल्यविशारदाच्या इस्पितळात शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना होई आणि प्रार्थनेनंतर चाकू हाती घेतला जाई. दोहोंपैकी एकही टळत नसे.

आणि जेथे शक्य असेल तेथे इतरांच्या चांगल्या कामात हात घालावा. मोहल्ल्यातले गृहस्थ पाण्याच्या टाकीसाठी अर्ज करीत असतील तर त्याखाली आपलीही सही असावी. गुरुद्वारात लंगर असेल, मशिदीजवळ उपवास सोडणाऱ्यांसाठी काही व्यवस्था असेल, तेथे पाणी देण्यास उभे राहण्यात कमीपणा नाही. १९७० मध्ये नागपूर येथे सहा निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी एकत्र येऊन उत्तर भारताची एक मंडळी स्थापन केली. आपापसांतल्या भिंती पाडण्यास त्यांना चाळीस वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी कराव्या लागल्या. शेजाऱ्याच्या आणि आपल्या मधली भिंत पाडण्यास तितका वेळ लावण्याचे कारण नाही. ती बहुधा एका भेटीत पडते.

संख्या थोडी आहे, याने खचून जाऊ नये. गवताच्या गंजीखाली पाचच होते. मुक्तीत सत्तर होत्या, आणि त्याही दुष्काळातून वाचलेल्या. थोडक्यांना एक सोय असते. ती अशी की त्यांच्यात कोणाला लपता येत नाही. पाचशेंच्या सभेत मी गेलो नाही तर चालते. पंधरांच्या सभेत माझी जागा रिकामी दिसते.

अखेरीस कुंडी भंडाऱ्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्या पाण्यात चुना फार आहे. चारशे वर्षे वाहता वाहता त्या चुन्याची पुटे बोगद्याच्या भिंतींवर चढत गेली आहेत, आणि ठिकठिकाणी वाट अरुंद झाली आहे. काही कुंड्या गाळाने आणि पडझडीने निकामी झाल्या. पाणी तेच आहे, डोंगर तोच आहे, उतारही तोच आहे. वाट साफ ठेवावी लागते. प्रार्थनेचेही असेच होते. रोजच्या उच्चाराची पुटे मनावर चढतात. शब्द तेच राहतात आणि पलीकडच्या घरापर्यंत काही पोहोचेनासे होते. अशा वेळी उत्साहाचे नवे झरे शोधत हिंडण्यापेक्षा आपल्याच बोगद्यात उतरून थोडे खरवडावे. वही उघडावी, मागच्या आठवड्याची पाच नावे वाचावी आणि स्वतःला विचारावे, यांतल्या किती दारांवर मी थाप दिली?